घडीव बिजागरी : ओढ कुठे असते आणि लोखंड कुठे लागते

जुन्या फाटकावरची लांब लोखंडी पट्टी पाहिली की बहुतेकांना ती शोभेसाठी ठोकलेली वाटते. एका टोकाला रुंद आणि जाड, दुसऱ्या टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि शेवटी एखादे पान, भाल्याचे अग्र किंवा वेटोळे असा तिचा थाट असतो. शोभा तिच्यात आहेच. परंतु तिचा उतार, तिच्यातली भोके आणि टोकाशी वळवलेले नेढे यांमागे वजनाचा एक साधा हिशेब आहे. तो समजला की लोहार भट्टीपाशी जे काही करतो त्यातले बरेचसे उलगडते. म्हणून आधी फाटकाच्या वजनाकडे पाहू आणि मग भट्टीकडे वळू.

या बिजागरीचे भाग दोनच. फाटकाला आडवी बसते ती पट्टी, आणि खांबात किंवा चौकटीत रोवली जाते ती खुंटी. पट्टीच्या जाड टोकाला गोल वळवून केलेले नेढे उभ्या खुंटीवर वरून चढवले की फाटक फिरू लागते. यात पकडून ठेवणारे काहीच नाही; फाटक सरळ वर उचलले की ते खुंट्यांवरून निघून हातात येते. कारखान्यात तयार होणाऱ्या बिजागरीची दोन पाने एका पिनेने कायमची जोडलेली असतात, त्यामुळे फाटक काढायचे तर स्क्रू खोलावे लागतात. खुंटीच्या बिजागरीला ती गरज नसते, आणि दुरुस्तीच्या वेळी हा केवढा मोठा गुण ठरतो हे एकदा अवजड फाटक एकट्याने उतरवून पाहिले की पटते.

आता हिशेब. बिजागरीचे मुख्य काम फाटकाचे वजन पेलण्याचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता चूक नाही, पण वजन पेलणे हा कामाचा सोपा भाग आहे. फाटक एकाच कडेने टांगलेले असल्यामुळे त्याची मोकळी कड सतत खाली जाऊ पाहते, आणि त्यामुळे वरच्या बिजागरीला खांबापासून दूर ओढ बसते, तर खालच्या बिजागरीवर तेवढाच दाब खांबाच्या दिशेने येतो. ही ओढ किती, हे काढणे सोपे आहे. समजा फाटक ६० किलोचे आणि ३ मीटर रुंद आहे, आणि दोन बिजागऱ्यांमध्ये १ मीटर अंतर आहे. फाटकाचे वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे दीड मीटरवर एकवटले आहे असे धरावे. ६० ला दीडने गुणून १ ने भागले की ९० येतात. वरच्या बिजागरीला सुमारे ९० किलो वजनाइतकी आडवी ओढ अहोरात्र सोसावी लागते, म्हणजे फाटकाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त. त्यात ३० किलोचे एखादे मूल मोकळ्या टोकाला लोंबकळून झोके घेऊ लागले, तर ३० गुणिले ३ अशी आणखी ९० किलोंची भर पडते आणि ओढ एकदम दुप्पट होते. मुलांना फाटकावरून उतरा म्हणणारी माणसे या गणिताच्या बाजूने बोलत असतात.

याउलट ४० किलोचे, ९० सेंटिमीटर रुंदीचे साधे दार घ्या. त्याच्या बिजागऱ्या दीड मीटर अंतरावर असतील, तर हीच आडवी ओढ अवघी १२ किलो भरते. दार आणि फाटक यांच्या वजनात फारसा फरक नसला, तरी बिजागऱ्यांच्या जाडीत एवढा फरक का असतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. फाटक जितके रुंद आणि जितके बुटके, तितकी ओढ वाढत जाते. म्हणून बिजागऱ्या शक्य तितक्या दूर, एक अगदी वर आणि एक अगदी खाली बसवणे हा पट्टी जाड करण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय आहे.

पट्टीचा निमुळता आकारही यातूनच येतो. नेढ्यापाशी सगळी ओढ पट्टीत असते. पुढे एकेका बोल्टपाशी त्यातला काही वाटा लाकडात उतरत जातो, आणि टोकापर्यंत पोहोचेस्तोवर पट्टीला सोसायला फारसे काही उरत नाही. जिथे ओढ नाही तिथले लोखंड हे फाटकावरचे ओझेच, तेही खांबापासून लांब, जिथे ते सर्वांत जास्त जाचते. पट्टी टोकाकडे निमुळती करणारा लोहार हे ओझे कमी करत असतो, आणि तसे करताना पट्टी देखणीही होते.

धातूबद्दल थोडेसे. ओतीव लोखंड, म्हणजेच बीड, या कामाला चालत नाही. त्यात कार्बन २ टक्क्यांहून अधिक असतो आणि ते वाकण्याऐवजी तुटते. जुन्या बिजागऱ्या घडीव लोखंडाच्या आहेत. त्यात कार्बन अगदी नगण्य असतो आणि मळीचे बारीक तंतू लांबीच्या दिशेने पसरलेले असतात, त्यामुळे तुटलेला तुकडा चिरलेल्या लाकडासारखा तंतुमय दिसतो. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने पोलाद बनवण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतल्यावर स्वस्त पोलादाची वाट मोकळी झाली आणि घडीव लोखंड हळूहळू मागे पडत गेले. इंग्लंडमधील बोल्टन येथला ते तयार करणारा शेवटचा व्यापारी कारखाना १९७३ मध्ये बंद झाला. आज लोहाराच्या हाती येते ते बहुधा माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचे साधे पोलाद. ते एकजिनसी असते, सहज मिळते आणि घडवायलाही चांगले; मात्र भट्टीत सांधा जोडताना ते घडीव लोखंडाइतके उदार नसते.

भट्टीत लोखंडाचे तापमान रंगावरून ओळखतात. मंद लाल रंग म्हणजे सुमारे ७०० अंश सेल्सिअस, नारिंगी म्हणजे १,००० च्या आसपास, आणि पिवळा ११०० ते १२०० अंशांचा. घडण्याचे काम नारिंगी-पिवळ्या रंगात करावे आणि लाली मावळू लागली की पट्टी पुन्हा निखाऱ्यात घालावी, हा नियम आहे. तो मोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण आणखी चारच घाव घातले की झाले, असे वाटत असते. पण ३०० अंशांच्या आसपास, जिथे घासलेल्या पोलादावर निळी झाक येते, तिथे ते कोमट असूनही थंड पोलादापेक्षा ठिसूळ असते. त्या चार घावांनी पडलेली बारीक चीर त्या दिवशी दिसत नाही; ती दिसते ती फाटकावर, काही वर्षांनी.

पट्टी निमुळती करणे म्हणजे लोखंड कमी करणे नव्हे, ते दुसरीकडे सरकवणे होय. ४० बाय १० मिलिमीटरच्या पट्टीचे १०० मिलिमीटर ठोकून २५ बाय ८ केले, तर छेद ४०० चौरस मिलिमीटरवरून २०० वर येतो आणि लांबी दुप्पट, २०० मिलिमीटर होते. त्यातले थोडे लोखंड प्रत्येक तावात काळ्या पापुद्र्याच्या रूपाने झडून जाते, तेवढी सूट धरावी. मोजमापात आणखी एक फसगत आहे. लालबुंद लोखंड गारपेक्षा साधारण एक टक्क्याहून थोडे अधिक लांब असते. ६०० मिलिमीटरची पट्टी गरम असतानाच बरोबर ६०० मोजून तोडली, तर गार झाल्यावर ती ६ ते ७ मिलिमीटर आखूड निघते. मी एकदा फाटकाच्या दोन पट्ट्या अशा तयार केल्या, एक गरम मोजून आणि एक गार मोजून, आणि त्या शेजारी ठेवेपर्यंत माझे कुठे चुकले हे माझ्या लक्षात आले नाही.

आता नेढे. बिजागरीचे सारे मर्म इथे आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळू. खुंटी २० मिलिमीटर जाडीची असेल तर नेढ्याचा आतला व्यास २१ ठेवावा, म्हणजे फिरायला आणि तेलाला जागा राहते. पट्टी तिथे ८ मिलिमीटर जाड आहे. मग वळवण्यासाठी किती लांबी लागेल? आतल्या व्यासावरून हिशेब केला तर ६६ मिलिमीटर येतात, बाहेरच्या ३७ व्यासावरून ११६ येतात, आणि दोन्ही उत्तरे चूक आहेत. लोखंड वाकताना त्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणली जाते आणि फक्त जाडीच्या मधली रेषा आहे तेवढीच राहते. त्या रेषेचा व्यास २१ अधिक ८, म्हणजे २९. त्याला ३.१४ ने गुणले की सुमारे ९१ मिलिमीटर होतात. त्यात टोक पट्टीच्या पाठीवर चढवून जोडण्यासाठी आणखी २५ ते ३० मिलिमीटर धरावे आणि पट्टीवर छन्नीने खूण करावी. खडूची खूण भट्टीत जळून जाते.

वळवण्यापूर्वी टोक तिरकस ठोकून पातळ करून घेतात, म्हणजे ते पट्टीला चिकटेल तिथे पायरी राहणार नाही. मग टोक नारिंगी तापवून ऐरणीच्या पलीकडच्या कडेवरून बोटभर पुढे काढायचे आणि बाहेर आलेल्या भागावर हलके घाव घालून ते खाली झुकवायचे, पट्टी थोडी पुढे सरकवायची, पुन्हा झुकवायचे. आधी टोकाला गोलाई द्यायची. टोक नीट गोल झाले नाही तर पुढचे नेढे कितीही सावरले तरी अंड्यासारखेच राहते. बाक निम्म्यावर आला की पट्टी उलटी करून टोक वर ठेवायचे आणि हातोडा आपल्याकडे ओढत गुंडाळी बंद करत आणायची. घाव गुंडाळीच्या माथ्यावर थेट पडला तर ती चेपते. तो माथ्याच्या किंचित पुढे, पाठीमागे ढकलणारा असावा लागतो. शेवटी २१ मिलिमीटरची गोल सळई आत ठोकून बसवायची आणि नेढे तिच्याभोवती फिरवत हलक्या हाताने सारखे करायचे. सळई आतच गार होऊ दिली तर नेढे आकसून तिला धरून बसते, म्हणून ती वेळीच काढावी.

एवढ्यावरच थांबले तर नेढे तयार दिसते, आणि हलक्या दारांसाठी ते पुरतेही. परंतु मघाचा ९० किलोंचा आकडा आठवा. न जोडलेल्या नेढ्याला अशी ओढ लागली की ते गुंडाळीसारखे उलगडू लागते. खालच्या बिजागरीत मात्र दाब खांबाच्या दिशेने असल्यामुळे पट्टी खुंटीवर रेटली जाते आणि नेढे उलगडण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून सांधा वरच्या बिजागरीला अत्यावश्यक आहे. खालच्या बिजागरीला तो चांगल्या कामाची खूण आहे.

भट्टीतला सांधा म्हणजे कोणताही तिसरा धातू न वितळवता लोखंडाचे दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळणे. दोन्ही पृष्ठभाग खरोखर स्वच्छ असतील आणि पुरेसे तापलेले असतील तर ते दाबताच एक होतात. अडचण पापुद्र्याची असते. हवेतला प्राणवायू तापलेल्या लोखंडावर लगेच ऑक्साइडचा थर चढवतो, आणि तो थर वितळायला सुमारे १,३७५ अंश लागतात. घडीव लोखंड एवढी उष्णता सोसते, त्यामुळे त्याच्यावरचा पापुद्रा वितळून घावासरशी बाहेर उडतो. माइल्ड स्टीलचा सांधा १,३०० च्या आसपासच उरकायचा असतो, म्हणून त्यावर लाल असतानाच टाकणखार भुरभुरतात. तो फुगतो, मग वितळून काचेसारखा पसरतो, पापुद्रा आपल्यात विरघळवून घेतो आणि नवी हवा लागू देत नाही.

नेढ्याच्या सांध्यात आणखी एक पेच असतो. पातळ केलेले टोक लवकर तापते आणि जाड पाठ उशिरा. घाई केली तर पाठ पिवळी होण्याआधीच टोक जळते. त्यामुळे जाड बाजू निखाऱ्यांच्या पोटात आणि पातळ बाजू वर अशी ठेवून भाता सावकाश चालवतात. पुरेसा ताव आला की पृष्ठभाग तेल लावल्यासारखा ओला चमकू लागतो. एखाद-दुसरी पांढरी ठिणगी उडाली तर वेळ झाली असे समजावे. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळते आहे, आणि जळलेले लोखंड पुन्हा कशानेही सुधारत नाही. बाहेर काढल्यावर दोन-तीन सेकंदांचीच सवड असते. ऐरण थंडगार असेल तर तीच ताव शोषून घेते, म्हणून ती आधी थोडी तापवून ठेवावी. पहिले घाव हलके आणि जलद, नेढ्याला लागून पण नेढ्यावर नव्हे, आणि तेही टोकाच्या मध्यापासून कडेकडे, म्हणजे वितळलेला मळ आत न अडकता बाहेर फेकला जाईल. सांधा नीट बसला की घावाचा आवाजही बदलतो. दोन तुकड्यांची बद्द खडखड जाऊन एका तुकड्याचा भरीव आवाज येतो. हे सारे वाचून शिकता येत नाही, पण कुठे लक्ष द्यायचे हे माहीत असले तर बिघडणाऱ्या तुकड्यांची संख्या नक्कीच घटते. विजेच्या वेल्डिंगने हेच काम पाच मिनिटांत होते आणि नीट केले तर टिकतेही. माझा आक्षेप आहे तो फक्त ते वेल्डिंग घासून, काळा रंग लावून भट्टीतला सांधा म्हणून खपवण्याला.

पट्टीतली भोके ड्रिलनेही पाडता येतात, पण गरम असताना सुंभ्याने (घाव घालून भोक पाडायच्या पोलादी हत्याराने) पाडलेल्या भोकात लोखंड कमी वाया जाते. सुंभा बहुतेक लोखंड कापत नाही, ते बाजूला सारतो. त्यामुळे भोकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी किंचित फुगते आणि नेमकी अशक्त व्हायची तिथे तिला आधार मिळतो. सुंभा एका बाजूने खोलवर ठोकला की पट्टी उलटतात. ज्या ठिकाणी खाली थंड ऐरणीवर लोखंड दाबले गेले होते तिथे लालीत एक काळसर ठिपका दिसतो. सुंभा त्या ठिपक्यावर ठेवून ऐरणीच्या भोकावर एक घाव घातला की छोटी चकती खाली पडते. फळ्यांच्या दारासाठी ही भोके थोडी लांबट ठेवावीत, कारण लाकूड दमट हवेत आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लोखंड तसे करत नाही. अगदी घट्ट जखडलेली फळी अखेर चिरते.

खुंटी साधी दिसते, पण तिच्या कोपऱ्यात फसवणूक असते. चौकोनी कांबीचे टोक गोल करून काटकोनात वाकवले की आतल्या कोपऱ्यात लोखंड चुरगळते आणि तिथे घडी पडू शकते. वजन खुंटीच्या त्याच खांद्यावर येते, म्हणून चीर तिथूनच सुरू होते. यावर उपाय दोन आहेत. वाकवण्यापूर्वी त्या जागी कांब उभी ठोकून जाड करून घ्यावी, किंवा आतला कोपरा धारदार न करता थोडा गोल ठेवून नेढ्याखाली एक वॉशर द्यावा. खुंटीचे वरचे टोक किंचित निमुळते असावे. दोन खुंट्यांपैकी खालची बोटभर लांब करण्याची जुनी युक्ती तर फारच सोयीची आहे. अवजड फाटक हातात तोलून धरलेले असताना दोन नेढी एकाच वेळी दोन खुंट्यांवर नेमकी आणणे कठीण जाते. खालची आधी अडकली की वरच्याकडे निवांत पाहता येते. आणि फाटक कुणी उचलून नेऊ नये असे वाटत असेल, तर वरची खुंटी उलटी, टोक खाली करून बसवतात.

शोभेच्या कामात मध्ययुगीन युरोपातील लोहारांनी जी मजल मारली ती आजही चकित करते. पॅरिसच्या नोत्र-दामच्या दारांवरची वेलबुट्टी पाहून लोकांनी ती बिस्कोर्ने नावाच्या लोहाराने सैतानाच्या मदतीने घडवली अशी दंतकथा रचली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राणी एलिनॉरच्या समाधीवर थॉमस ऑफ लेटन याने १२९४ मध्ये केलेली जाळी आहे. तिच्यात तापलेले लोखंड ठशांमध्ये ठोकून एकसारखी फुले-पाने उमटवलेली आहेत, आणि त्या काळच्या दारांवरच्या लोखंडकामातही हेच तंत्र दिसते. पण त्या वेटोळ्यांनाही काम होते. फळ्यांच्या दारावर वरपासून खालपर्यंत पसरलेली लोखंडी नक्षी सगळ्या फळ्या एकमेकींना बांधून ठेवते, आणि कुऱ्हाडीने दार फोडू पाहणाऱ्याला वाट काढू देत नाही. ती बसवताना खिळे आरपार ठोकून मागे निघालेली टोके वळवून पुन्हा लाकडात रुतवत. असा खिळा ओढून निघत नाही.

खुंट्या बसवताना पहिली अट अशी की दोन्ही खुंट्यांचे मध्य एकाच सरळ रेषेत असावेत, आणि दुसरी अशी की ती रेषा ओळंब्यात असावी. पहिली चुकली तर फाटक मध्येच अडते आणि प्रत्येक वेळी नेढी घासतात. दुसरी चुकली तर फाटक आपोआप उघडते किंवा मिटते. काही जण तर ते मुद्दाम तसेच बसवतात. दगडी खांबात खुंटी बसवण्याची जुनी रीत म्हणजे तोंडापेक्षा आत रुंद होत गेलेले भोक कोरून त्यात खुंटीची शेपटी ठेवायची आणि भोवती वितळलेले शिसे ओतायचे. गार होताना शिसे आकसते, म्हणून नंतर ते बोथट छन्नीने ठोकून घट्ट करावे लागते. भोकात थेंबभर जरी पाणी असले तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेले शिसे ओतणाऱ्याच्या तोंडावर उडते. ते पूर्ण वाळवल्याशिवाय ओतणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

गंजाचा धोका नेमका याच जागी जास्त असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे आत गंजलेली खुंटी दगडाला आतून फोडते. घरातल्या दारासाठी लोखंड काळे पण चटका देण्याइतके गरम असताना जवसाचे तेल किंवा मेण चोळले तरी भागते. पावसात राहणाऱ्या फाटकाला तेवढे पुरत नाही. तिथे सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढणे सर्वांत खात्रीचे. मात्र जस्ताचा थर नेढ्याच्या आत आणि खुंटीवरही चढतो, त्यामुळे मघाचा एक मिलिमीटरचा मोकळेपणा पुरत नाही, आणि नेढे आधीच थोडे सैल करावे लागते. हे काम घडण संपल्यावरच करावे. जस्त चढलेले लोखंड भट्टीत घालू नये, कारण ९०७ अंशांवर जस्त उकळते आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर बसवायचे असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूलाही रंग हवा. उघडे लोखंड तिथे लाकडाला काळे डाग पाडते आणि स्वतःही लवकर खंगते.

वर्षानुवर्षांच्या फिरण्याने खालचे नेढे आणि खुंटीचा खांदा झिजतात आणि फाटक कणाकणाने खाली उतरून जमिनीला घासू लागते. तेव्हा बिजागरी बदलण्याची घाई करू नये. फाटक खुंट्यांवरून उचलावे, खुंट्या पुसून त्यांना ग्रीस लावावे, खालच्या खुंटीवर झिजेइतक्या जाडीचा वॉशर सरकवावा आणि फाटक पुन्हा चढवावे.